चार हजार पावलं

जयसिंगपूरच्या एका बारशात सन्मती मगदूमला पहिल्यांदा कळलं, की त्याला आपल्या मुलीची लाज वाटते.

चेलना तेव्हा चार वर्षांची होती. जन्माच्या वेळी तिच्या मेंदूला काही मिनिटं प्राणवायू पुरला नव्हता आणि त्यातून तिला सेरेब्रल पाल्सी झाली होती. तिला सगळं कळायचं. बोलणं मात्र जड आणि सावकाश यायचं, आणि पाय अजिबात ऐकायचे नाहीत. ती कोपरांवर सरपटत जायची, पाय मागून ओढत. मंगल कार्यालयाच्या पलीकडच्या टोकाला फुगे बांधले होते. ते तिनं पाहिले आणि ती निघाली. जरीच्या साड्या बाजूला होऊ लागल्या, बोलणी थांबू लागली. अर्ध्या वाटेवर कुसुमआत्यानं तिला उचललं, तिचा फ्रॉक झटकला आणि "पायाखाली येईल की पोरगी" असं म्हणत आतल्या खोलीत नेऊन ठेवलं. आतून चेलनाचं रडणं ऐकू येऊ लागलं. तिची आई, त्रिशला, धावत आत गेली. सन्मती उभा होता तिथंच उभा राहिला, आणि ते दार लागल्यावर त्याला हायसं वाटलं.

हे त्यानं कुणाला सांगितलं नाही. त्रिशलाला तर नाहीच.

पुढच्या वर्षी सूट आला.

इचलकरंजीनं एकेकाळी धोतरं आणि पॉपलीन विणलं. आता तिथल्या एक-दोन कारखान्यांत असं कापड विणलं जात होतं, की जे आपण होऊन हलायचं. सन्मती अशाच एका कारखान्यात चाचणी विभागात इंजिनिअर होता. कागदोपत्री त्या कापडाच्या पोशाखाला 'स्नायुवस्त्र' म्हणत, पालक नुसतं 'सूट' म्हणत. दिसायला ती कमरेपासून घोट्यापर्यंतची घट्ट विजार होती. तिच्यात केसाएवढे बारीक धागे विणलेले होते. विजेचा अगदी थोडा प्रवाह मिळाला की हे धागे आखडायचे, प्रवाह थांबला की सैल व्हायचे. म्हणजे एका परीनं ते विणलेले स्नायूच होते.

सेरेब्रल पाल्सीत खरे स्नायू मुळात निकामी नसतात. बिघडलेला असतो तो मेंदूकडून त्यांना मिळणारा हुकूम. चालायचं मनात आलं की तो हुकूम अर्धवट पोचतो, उशिरा पोचतो किंवा सगळ्या स्नायूंना एकदम पोचतो. मग मांडीचे पुढचे आणि मागचे स्नायू एकाच वेळी आवळतात आणि पाय कात्रीसारखे एकमेकांवर चढतात. सुटाच्या आतल्या अंगाला लावलेले बिल्ल्यांसारखे सेन्सर त्वचेवरून हा गोंधळलेला हुकूम टिपायचे, त्यातून मुलाला नेमकं काय करायचंय ते ओळखायचे आणि त्या हालचालीत आपली ताकद मिसळायचे. किती मिसळायची ते ठरवता यायचं. त्याला 'वाटा' म्हणत. सुटाचा वाटा चाळीस टक्के, म्हणजे मुलाचा साठ.

चाळीसच्या वर जायचं नाही, हा नियम डॉ. निलांबरी कोरे यांनी घातला होता. त्या लहान मुलांच्या पुनर्वसन केंद्राच्या प्रमुख होत्या आणि हा प्रयोग त्यांचा होता. पालकांच्या पहिल्या सभेत त्यांनी तो नियम समजावून सांगितला. लहान मेंदू शिकतो तो स्वतःच्या धडपडीतून. आपण हुकूम दिला, पाय हलला, पाऊल टेकलं आणि टेकल्याची खबर परत आली, हे सगळं चक्र पूर्ण झालं तर मेंदूत नवी वाट पडते. दुसऱ्यानं पाय उचलून पुढं ठेवला तर पाऊल पडतं, वाट पडत नाही. वर ज्या स्नायूंना काम नाही ते वाळत जातात. जिना चढताना किंवा रस्ता ओलांडताना वाटा थोडा वेळ वाढवता येईल, पण तोही दहा मिनिटांत आपोआप खाली येईल, असं त्यांनी सांगितलं.

"मूल सुटाला चालवतं," त्या म्हणाल्या. "सूट मुलाला चालवायला लागला, की आपण हरलो."

प्रयोगात कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतली साठ मुलं होती. सन्मती सूट विणणाऱ्या कारखान्यातला माणूस, म्हणून चेलनाला घ्यावं की नाही यावर डॉक्टरांनी विचार केला होता. शेवटी सुटाच्या आतल्या यंत्रणेला आपण हात लावणार नाही, असं त्यानं लिहून दिलं आणि तिला जागा मिळाली.

मोजायच्या गोष्टी दोन होत्या. घोट्यावर बांधलेला पट्टा मुलाची रोजची पावलं मोजायचा. आणि मुलाचं आयुष्य एकूण कसं चाललंय याचा एक फॉर्म दर महिन्याला पालकांनी भरायचा. मूल आनंदी असतं का, इतर मुलांत मिसळतं का, स्वतःबद्दल त्याला काय वाटतं. मुलं लहान, त्यातली बरीचशी नीट बोलूही न शकणारी, म्हणून उत्तरं आईवडिलांनी द्यायची.

पहिल्या दिवशी चेलना सात पावलं चालली. तीन महिन्यांनी दिवसाला दोनशे. प्रत्येक पावलाला ती जीभ दातांत धरायची, कपाळावर घाम यायचा, घशातून हुंकार निघायचा. दोनशे पावलं झाली की ती मेल्यासारखी झोपायची आणि उठली की परत 'सूट' म्हणून हात पुढं करायची. त्रिशला प्राथमिक शाळेत शिक्षिका होती. तिनं शाळेतल्या सगळ्या बाईंना पेढे वाटले.

सन्मतीलाही आनंद झाला होता, पण त्याला आणखी काही दिसत होतं. गुडघे एकमेकांवर आपटत, कमरेत वाकून, हात पसरून चेलना चालायची आणि हनुवटीवरून लाळ ओघळायची. कडेवर असताना ती चार मुलांसारखी दिसायची. चालताना ती जास्तच अधू दिसायची. असं मनात आलं की तो दुसरीकडे बघायचा.

त्याच सुमारास त्याच्या धाकट्या भावाचा साखरपुडा ठरला. कार्यालय तेच, जयसिंगपूरचं.

कारखान्यात कापड तपासताना सूट लाकडी पायांवर चढवून दिवसभर चालवत. त्यासाठी टेस्ट मोड होता. त्यात वाट्याला मर्यादा नव्हती आणि नोंदही होत नव्हती. सुटाच्या नोंदवहीत आधीचा चाळीसचा आकडा तसाच राहायचा. टेस्ट मोड चालू करण्याची परवानगी चाचणी विभागातल्या तिघांच्या फोनवर होती, त्यातला एक सन्मती. साखरपुड्याच्या दिवशी गाडी लावताना त्रिशला आहेराच्या पिशव्या घेऊन पुढं गेली. सन्मतीनं मागच्या सीटवर बसलेल्या चेलनाच्या सुटाचा वाटा पंचाऐंशी केला. एकच दिवस, असं तो स्वतःला म्हणाला.

ती दारातून ताठ चालत आत आली. गुडघे सरळ, टाच आधी, मग चवडा. पुढं वाकणं नाही, धडपड नाही. सगळं कार्यालय उभं राहिलं. कुसुमआत्यानं तिच्यावरून हात ओवाळून कानशिलांवर कडाकडा बोटं मोडली. सन्मतीच्या आईच्या डोळ्यांना धार लागली. सगळे चेलनाच्या पायांकडे बघत होते. तिच्या चेहऱ्याकडे कुणी बघितलं नाही, सन्मतीनंही नाही.

दुसऱ्या दिवशी वाटा परत चाळीसवर आला आणि चेलना परत वाकून, हुंकार देत चालू लागली. आजी म्हणाली, "काल तर किती छान चालली. आज काय झालं हिला?" सन्मतीनं फोन काढला.

त्रिशलाला सकाळी सातला शाळेला निघावं लागायचं. सूट चढवण्याचं काम सन्मतीचं होतं, त्यामुळं कुणाला काही कळायचा प्रश्न नव्हता. आता चेलना सूट बघून अंग ताठ करायची. "मी," असं म्हणत छातीवर मूठ आपटायची. "मी, मी." तिला स्वतःच्या हातानं सूट घालायचाय, असा त्यानं अर्थ लावला आणि उशीर होतो म्हणून तसाच तो चढवला. दोन महिन्यांत पावलांचा आकडा दिवसाला चार हजारांवर गेला. महिन्याच्या फॉर्मवर मूल आनंदी असतं का या प्रश्नापुढं तो 'अतिशय' असं लिहायचा.

साठ मुलांत कुणाचीच अशी प्रगती नव्हती. डॉ. कोरे यांनी चेलनाचा आलेख मोठ्या पडद्यावर दाखवला, तिच्या चालण्याचा व्हिडिओ पालकांच्या ग्रुपवर टाकला. सन्मतीला पुढं बोलावून दोन शब्द बोलायला सांगितलं. तो म्हणाला, सगळं श्रेय मॅडमचं.

त्या सभेनंतर रेहाना मुजावर त्याला पायऱ्यांवर गाठून बोलली. ती घरी शाळेचे गणवेश शिवायची. तिची जोया चेलनाच्याच वयाची, आजारही त्याच प्रतीचा. जोयाची पावलं सहाशेच्या पुढं सरकत नव्हती. डॉक्टर म्हणतात हे चांगलं आहे, पण चेलनाकडे बघितलं की आपलंच काहीतरी चुकतंय असं वाटतं, असं ती म्हणाली. मग तिनं विचारलं, "दादा, तुम्ही घरी असं वेगळं काय करता? खरं सांगा."

सन्मतीला तेव्हा सांगता आलं असतं. पायऱ्यांवर दोघंच होते.

"सराव," तो म्हणाला. "सकाळ-संध्याकाळ. पोरगी रडली तरी सोडायचं नाही."

पाच आठवड्यांनी ग्रुपवर बातमी आली. जोया गच्चीवर सराव करताना पडली, मांडीचं हाड मोडलं. ज्या मुलांच्या हाडांवर लहानपणापासून शरीराचा पुरेसा भार पडलेला नसतो, त्यांची हाडं ठिसूळ राहतात. त्यात ती थकलेली होती. रेहाना तिला रोज चार तास चालवत होती आणि त्या दिवशी जोयानं दोनदा बसायचं म्हटलं होतं. हे सगळं रेहानानंच ग्रुपवर लिहिलं होतं, आपलीच चूक म्हणून. खाली पालकांनी धीर देणारे निरोप टाकले. सन्मतीनं 'लवकर बरी हो बाळा' असं लिहिलं आणि जोडलेल्या हातांचं चित्र टाकलं. ते पाठवल्यावर त्यानं फोन पालथा ठेवला. पण त्या दिवशीही त्यानं वाटा खाली आणला नाही. आकडा एकाएकी पडला तर लोक विचारतील, हे त्याच्या मनात आलं.

जोयाच्या अपघातानंतर डॉ. कोरे यांनी एक नवी गोष्ट सुरू केली. पाच वर्षं पूर्ण झालेल्या मुलांना त्या स्वतः विचारू लागल्या. पाच चेहऱ्यांची पाच चित्रं, ढसाढसा रडणाऱ्यापासून खदखदा हसणाऱ्यापर्यंत. मुलानं बोट ठेवायचं. आईवडील बाजूला बसू शकत होते, पण बोलायचं नव्हतं.

चेलनाची पाळी आली तेव्हा सन्मती आणि त्रिशला दोघंही होते. आईच्या मांडीवर बसल्यावर कसं वाटतं, याला चेलनानं हसरा चेहरा दाखवला. पाण्यात खेळताना, त्याहून हसरा. जमिनीवर सरपटत जाताना काय वाटतं असं विचारल्यावर तिनं सगळ्यात हसऱ्या चित्रावर तळहात आपटला. मग डॉक्टरांनी विचारलं, सूट घालून चालताना?

चेलनानं पाचही चित्रं हातानं बाजूला सारली.

"सूट... पप्पा," ती म्हणाली.

पप्पा घालतात का, असं डॉक्टरांनी विचारलं. तिनं नकारार्थी मान हलवली. शब्द गोळा करायला तिला बराच वेळ लागला.

"पप्पा चालतात. मी थांबते."

"कुठं थांबतेस बाळा?"

चेलनानं छातीवर हात ठेवला. "आत."

डॉक्टरांचे डोळे भरून आले. वडिलांचा आधार मुलीला शरीराच्या आत जाणवतो, असा त्यांनी अर्थ लावला आणि तो वहीत लिहून घेतला. इतकं सुंदर उत्तर आजवर एकाही मुलानं दिलं नाही, असं त्या सन्मतीला म्हणाल्या. सन्मतीनं मान खाली घातली. त्रिशला मात्र त्याच्याकडे बघत होती.

घरी आल्यावर तिनं चेलनाला पलंगाला धरून उभं केलं, सूट अंगावर तसाच, आणि सन्मतीला म्हणाली, "चाळीस करा."

त्यानं केला. चेलनानं जीभ दातांत धरली. पाय थरथरले. सात आकडे मोजेपर्यंत ती कशीबशी उभी राहिली आणि गुडघ्यात मिटली. त्रिशलानं तिला झेललं, सूट उतरवला आणि तिची पोटरी हातात धरली. पोटरी तिच्या अंगठा आणि तर्जनीत मावत होती.

"रोज तेल लावते मी," ती म्हणाली. "पोटऱ्या उतरल्यात हे हाताला कळत होतं मला. वाटलं, वाढीचं अंग आहे."

किती दिवस, असं तिनं विचारलं. साखरपुड्यापासून, असं त्यानं सांगितलं. सात महिने. चाळीसच्या वाट्यावर दिवसाला दोनशे पावलं चालणारी मुलगी त्यानं सात महिन्यांत सात आकड्यांवर आणून ठेवली होती. का केलं असं तिनं विचारलं नाही. ती विचारेल म्हणून त्यानं बरीच उत्तरं तयार ठेवली होती, पण ती चेलनाला कडेवर घेऊन उभी राहिली आणि एवढंच म्हणाली, "आणि रेहाना?"

दुसऱ्या दिवशी केंद्र उघडायच्या आधीच तो डॉ. कोरे यांच्या दारात जाऊन बसला. सगळं सांगितलं. टेस्ट मोड, पंचाऐंशी, पायऱ्यांवरचं बोलणं. त्यांनी मध्ये एकदाही थांबवलं नाही. तो थांबल्यावर त्यांनी चेलनाचा आलेख पडद्यावर आणला आणि त्यातल्या रेषेवर बोट ठेवलं. मग त्या म्हणाल्या, की कुठल्याच मुलाची रेष इतकी सरळ वर जात नाही. मुलं आजारी पडतात, रुसतात, पावसाळ्यात त्यांचे स्नायू आवळतात, रेष खाली-वर होते. हे त्यांना पंधरा वर्षांपासून माहीत होतं. पण सरळ रेष हवी होती म्हणून त्यांनी प्रश्न विचारला नव्हता.

"तुम्ही खोटं बोललात," त्या म्हणाल्या. "मी ते पडद्यावर लावलं."

चेलनाच्या नोंदी प्रयोगातून काढल्या. सगळ्या साठ सुटांची तपासणी झाली आणि प्रयोगाचा अहवाल वर्षभर लांबला. कारखान्यानं सन्मतीला चाचणी विभागातून काढून गोदामात टाकलं. खरं सांगायचं तर शिक्षा झाल्यावर त्याला थोडं बरं वाटलं, आणि तसं वाटल्याचीही त्याला लाज वाटली, कारण रेहानाकडे जायचं अजून बाकी होतं.

तो गेला तेव्हा रेहाना मशीनवर बसली होती. आजूबाजूला निळ्या कापडाचे ढीग. तिनं त्याला बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं. जोया पलीकडच्या खोलीत होती, कमरेपासून पायापर्यंत प्लास्टर. सन्मतीनं पाणी न पिता सांगायला सुरुवात केली. रेहाना शिवत राहिली. मध्येच कधीतरी मशीन थांबलं, पण तिनं मान वर केली नाही.

त्याचं सांगून झाल्यावर ती म्हणाली, "त्या दिवशी पायरीवर मी विचारलं, तेव्हा तुम्ही खाली बघत होता. मला वाटलं, किती नम्र माणूस आहे."

त्यानं माफी मागितली. ती शब्दांनी मागता येते तेवढीच होती आणि ती पुरणार नाही हे दोघांनाही कळत होतं. रेहानानं दोरा तोडला.

"मला सांगून काय उपयोग? तिला जाऊन सांगा. रोज विचारते मला, अम्मी, मी नीट सराव केला नाही म्हणून पडले का."

आत जाईपर्यंतची ती आठ-दहा पावलं सन्मतीला फार लांब वाटली. जोयाचं बोलणं चेलनापेक्षा स्पष्ट होतं. ती छताकडे बघत पडली होती. तो पलंगाजवळ जमिनीवर बसला, म्हणजे दोघांचे डोळे एका पातळीवर आले. पाच वर्षांच्या मुलीला कळेल अशा शब्दांत हे कसं सांगायचं, याचा तो रस्ताभर विचार करत आला होता. आता कळलं की शब्द सोपेच होते.

"जोया, चेलना चालत नव्हती. तिचा सूट चालत होता. मी तसं केलं होतं. आणि मी सगळ्यांना खोटं सांगितलं. तू पडलीस त्यात तुझी चूक नाही, अम्मीचीही नाही. माझी आहे."

जोयानं विचार केला.

"चेलनाला माहीत होतं?"

"हो."

"मग तिनं का नाही सांगितलं?"

"सांगत होती. रोज सांगत होती," सन्मती म्हणाला आणि त्याचा आवाज फुटला. "मी ऐकलं नाही."

जोया त्याच्या रडण्याकडे कुतूहलानं बघत राहिली. मोठा माणूस रडताना तिनं फारसा पाहिला नसावा. मग तिनं चेलनाला कधी आणणार असं विचारलं, कारण तिला दिवसभर एकटीला कंटाळा येत होता. बाहेर मशीन परत सुरू झालं होतं. सन्मती निघाला तेव्हा रेहाना त्याच्याशी बोलली नाही. पण रविवारी त्रिशला चेलनाला घेऊन गेली, तेव्हा तिनं दार उघडलं.

जोयाचं हाड दोन महिन्यांनी जुळलं. भीती मात्र जुळली नाही. त्या पायावर भार द्यायचा म्हटलं की ती किंचाळायची, आणि सूट तर तिनं परत अंगाला लावूनच घेतला नाही. प्रयोगाच्या नोंदीत तिच्या नावापुढं 'सोडून गेली' असं लिहिलं गेलं. सन्मतीच्या हातून झालेल्यातलं हे एक कधीच भरून आलं नाही.

प्रयोग नव्यानं सुरू झाला, तेव्हा डॉ. कोरे यांनी बरंच बदललं. पावलांचं लक्ष्य काढून टाकलं. पट्टा आता सरपटणं, रांगणं, लोळणं, पाण्यात हातपाय मारणं, सगळंच मोजू लागला. दर आठवड्याला आधी मुलाला विचारायचं, मग पालकांना. आणि सन्मतीला त्यांनी एक काम दिलं. दर वेळी नव्या पालकांची पहिली सभा होईल, तेव्हा त्यानं येऊन आपण काय केलं ते स्वतःच्या तोंडानं सांगायचं. तो नाही म्हणू शकला असता. तो दर वेळी गेला.

चौथी सभा जूनमध्ये झाली. बारा जोडपी होती. सन्मतीचं सांगून झाल्यावर नेहमीसारखंच झालं. बायका त्याच्याकडे बघायच्या, पुरुष बहुतेक बघायचे नाहीत. मागच्या रांगेत शिरोळकडचा एक शेतकी अधिकारी बसला होता, मांडीवर तीन वर्षांची मुलगी. मुलीचे पाय त्यानं स्वतःच्या रुमालानं झाकले होते. त्यानं विचारलं, "आता किती चालते तुमची मुलगी?"

"काल एकोणीस पावलं," सन्मती म्हणाला. "मध्ये दोनदा बसली."

त्या माणसाचा चेहरा उतरला. त्यानं खाली आपल्या मुलीकडे पाहिलं आणि रुमाल आणखी नीट केला.

सन्मती उठून त्याच्या शेजारच्या खुर्चीवर जाऊन बसला. उरलेला दिवस ती काय करते ते सांगू का, असं त्यानं विचारलं. तो माणूस हो म्हणाला नाही. सन्मतीनं तरी सांगितलं. सकाळी ती सरपटत अंगणात जाते आणि कुंड्यांतली माती उकरते. शेजारच्या घरी सरपटत जाते आणि त्यांच्या स्वयंपाकघरातली भांडी वाजवते. रविवारी जोयाकडे जाते. तिथं दोघी जमिनीवर शर्यत लावतात आणि जोया हरली की चेलनाचे केस ओढते. आता चेलनाही ओढायला शिकलीय. कोपरांना घट्टे पडलेत, फ्रॉक रोज फाटतो. गेल्या महिन्यात भावाचं लांबलेलं लग्न झालं, तिथंही ती सगळ्यांच्या पायांमधून सरपटत फिरली, स्टेजपर्यंत गेली.

"सगळ्यांसमोर?"

"सगळ्यांसमोर."

त्या माणसानं आजूबाजूच्या खुर्च्यांकडे एक नजर टाकली. मग हलक्या आवाजात म्हणाला, "लोक बघतात ना."

"बघतात."

"मग तुम्हाला...?"

"वाटते," सन्मती म्हणाला. "अजून वाटते. लग्नात पण वाटली. एकदा तर तिला उचलायला निघालोच होतो. पण ती लाज माझी आहे. तिला कशाला घालायची?"

त्या माणसाच्या मांडीवरची मुलगी एव्हाना कंटाळली होती. तिनं अंग सैल सोडलं, रुमालासकट घसरली आणि पालथी जमिनीवर आली. तिथून तिनं मान उचलून भरलेल्या हॉलकडे पाहिलं. बारा जोडपी तिच्याकडे बघत होती. तिनं एक कोपर पुढं टाकलं. वडिलांचे हात तिला धरायला झटकन पुढं आले आणि वाटेतच थांबले.